मुलाला थेरपीला नेताना: सेशन वाया जाऊ नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाला थेरपीला न्यायचं म्हणजे घरातल्या एकाचा अख्खा दिवस जातो. एवढं करून मूल पोहोचतं ते पेंगुळलेलं नाहीतर भुकेजलेलं. पहिली वीस मिनिटं रडण्यात जातात, पालक बाहेर बाकावर बसून राहतात आणि निघताना "घरी पण करत जा" एवढं ऐकून परततात. आमच्या लेकीला घेऊन जाते तेव्हा हे आजूबाजूला सतत दिसतं आणि जीव तुटतो, कारण यातलं बरंचसं टाळता येतं.

आधी एक हिशोब मांडू. सेशन साधारण ४५ मिनिटांचं. आठवड्यात तीन झाली तरी सव्वादोन तास होतात. उरलेला आठवडा मुलाला उचलणं, भरवणं, आंघोळ घालणं, बसवणं, झोपवणं हे घरची माणसं करतात. त्यामुळे थेरपीच्या खोलीत मुलाइतकंच शिकायचं असतं ते आपण. खालचे सगळे टप्पे याच समजुतीवर बेतले आहेत. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरणं सेरेब्रल पाल्सीची आहेत.

टप्पा १: जागा ठरवा, पण आधी तपासण्या

सरकारी सोय हवी असेल तर जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी', म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं आहेत. याच कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवतं. अंगणवाडीताईंकडून चिठ्ठी घेऊन गेलात तर कुठल्या खिडकीवर जायचं हा पहिला गोंधळ वाचतो. मुंबईत हाजी अलीजवळ भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे.

खासगी ठिकाणी जाणार असाल तर नोंदणी विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची असते रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे.

*आधी तपासा:* मुलाची ऐकण्याची तपासणी झाली आहे का? डोळे तपासले आहेत का? फिट येत असतील तर त्यावर औषध सुरू आहे का? ऐकूच न येणाऱ्या मुलाला महिनोन् महिने "लक्ष देत नाही" म्हणून बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि डोळ्यांचे डॉक्टर आधी. बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, हेही विचारा.

*सावध:* "सहा महिन्यांत चालवून दाखवतो" अशी हमी कोणी देत असेल तर तिथून निघा. सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून तर दूरच राहा. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा उपचार मान्य नाही. तो फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीसाठी पालकांकडून पैसे घेता येत नाहीत. शेत विकून हे करणारी कुटुंबं आहेत. ते पैसे वर्षानुवर्षांच्या थेरपीला, बुटांना आणि खुर्चीला पुरले असते.

टप्पा २: फाईल लावा

एकच जाड फाईल करा आणि सगळ्यात वर एक पानाचा गोषवारा ठेवा. प्रत्येक नवा माणूस तेच प्रश्न विचारतो आणि रडणारं मूल कडेवर असताना उत्तरं सुचत नाहीत. गोषवाऱ्यात हे लिहा:

– बाळ कितव्या आठवड्यात झालं, वजन किती होतं
– जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती वाढली होती
– मान कधी धरली, पालथं कधी पडलं, आधाराशिवाय कधी बसलं. झालं नसेल तर "अजून नाही" असं स्पष्ट
– फिट येतात का, शेवटची कधी आली, औषधाचं नाव आणि मात्रा
– एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), बेरा यांच्या तारखा
– आतापर्यंतची ऑपरेशनं, बोटॉक्स (आवळलेला स्नायू सैल करणारं इंजेक्शन), प्लास्टर, बूट किंवा स्प्लिंट (हातापायाला लावायचा आधार)

मूळ कागद घरी ठेवा, फाईलमध्ये झेरॉक्स लावा.

बाळ लवकर जन्मलं असेल तर वय सांगताना दोन्ही वयं सांगा. दहा आठवडे आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ साधारण साडेतीन-पावणेचार महिन्यांचं धरून तपासतात. पहिल्या दोन वर्षांपर्यंत असं दुरुस्त वय धरायची पद्धत आहे. ते सांगायचं राहिलं तर बाळ आहे त्यापेक्षा फार मागे आहे असं वाटू शकतं.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम याच वेळी सुरू करा, थेरपी संपायची वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यातला एक. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. लहान मुलांना बरेचदा मुदतीचा दाखला मिळतो, तेव्हा संपायची तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो आणि त्यात थेरपीही येते. थेरपीच्या प्रत्येक पावतीवर मुलाचं नाव, तारीख आणि सही-शिक्का आहे ना, हे खिडकीवरच बघून घ्या. नंतर कोणी दुरुस्त करून देत नाही.

टप्पा ३: मागणं एका वाक्यात ठरवा

पहिल्या भेटीत बहुतेक सगळे एकच विचारतात: "चालेल का?" हा प्रश्न मनात असणारच, तो जरूर विचारा. डॉक्टर हालचालीची पातळी एक ते पाच अशा मोजपट्टीवर सांगतात, तिला जीएमएफसीएस म्हणतात. आपल्या मुलाची पातळी कोणती आणि तिचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, हे समजावून घ्या. पण त्या उत्तरावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्यासाठी लहान मागणं लागतं:

– "जेवताना मान सरळ राहावी, म्हणजे ठसका लागणार नाही."
– "फ्रॉक घालताना तिने एक हात स्वतः बाहीत घालावा."
– "अंगणवाडीत भिंतीला टेकून दहा मिनिटं बसता यावं."
– "मांडीचा सांधा इतका आवळतो की लंगोट बदलता येत नाही. तेवढं सुटावं."

हे ठरवताना मुलाला रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा. पुष्कळ घरांत आई कामाला जाते आणि भरवणं, आंघोळ आजीकडे असतं. कुठे अडतं ते आजीलाच नेमकं माहीत असतं.

मग मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घ्या, प्रत्येकी मिनिटभराचे: घरी जेवतानाचा, खेळताना बसतं तो, झोपेतून उठल्यावरचा. नव्या खोलीत मूल आक्रसून जातं आणि घरी जे करतं त्यातलं निम्मंही दाखवत नाही. फिट किंवा झटक्यासारखं काही होत असेल तर त्याचा व्हिडिओ सगळ्यात मोलाचा.

टप्पा ४: आदला दिवस आणि त्या दिवशीची सकाळ

सगळ्यात जास्त सेशन इथेच वाया जातात.

वेळ. मुलाच्या झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका. सोयीची वेळ मिळत नसेल तर यादीत नाव लावून ठेवा आणि मिळेपर्यंत झोपेची वेळ आठवडाभर आधीपासून थोडी थोडी सरकवा.

खाणं. भरपेट जेवण सेशनच्या दीड-दोन तास आधी. पोट ताणलेलं असताना पालथं घातलं की उलटी होते. उपाशीही नेऊ नका, निघताना थोडं काहीतरी द्या. सोबत मुलाच्या आवडीचं आणि त्याला नीट गिळता येतं असं खाणं ठेवा.

औषध. फिटचं औषध ठरलेल्या वेळीच द्या. प्रवास आहे, पोट रिकामं आहे, गुंगी येईल अशा कारणांनी सकाळचा डोस टाळणारे पालक भेटतात. डोस चुकला की फिट येण्याचा धोका वाढतो. गुंगीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या, मनाने नको.

कपडे. सैल चड्डी आणि बाह्यांचा साधा सुती सदरा. घट्ट जीन्स किंवा घेरदार फ्रॉक घातला की गुडघा आणि कंबर कशी हलते ते दिसत नाही.

पिशवी. फाईल, सगळे बूट आणि स्प्लिंट (पायाला लावलेलेच नव्हे, घरी कपाटात पडलेलेही), लंगोट, जास्तीचा कपड्यांचा जोड, लाळेसाठी दोन फडकी, अंथरायला ओळखीची चादर, एक आवाज करणारं खेळणं आणि मुलाचा नेहमीचा पेला-चमचा. पेला-चमचा विसरू नका, कारण भरवण्याचं काम त्याच्याशिवाय नीट दाखवता येत नाही.

*निघण्याआधी तपासा:* ताप आहे का? चोवीस तासांत फिट आली का? जुलाब-उलट्या? कुठे सूज, कुठे हात लावला की मूल कळवळतं? यातलं एकही "हो" असेल तर आधी फोन करा. जी मुलं उभी राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असू शकतात. पाय सुजला असेल आणि हलवला की रडत असेल तर थेरपीला नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

टप्पा ५: पोहोचल्यावर, दार उघडण्याआधी

वीस मिनिटं आधी पोहोचा. केसपेपर काढायचा असेल तर एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन शांत कोपऱ्यात बसावं. एकटेच आला असाल तर आधी लंगोट बदला, मग रांग. ओल्या लंगोटातलं मूल कोणाचंच ऐकत नाही.

बूट काढून पाय बघा. एएफओ, म्हणजे तळपायापासून गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, काढल्यावर लाल वळ दिसणं साधं आहे. तो वळ अर्ध्या तासानेही फिकट झाला नाही, किंवा फोड दिसला, तर स्प्लिंट परत चढवू नका आणि आत गेल्या गेल्या दाखवा.

आत शिरताच मागच्या भेटीनंतर काय बदललं तेवढं सांगा: आजार, फिट, पडणं, औषध, झोप. मुलासमोर "हा काहीच करत नाही" असं बोलू नका. बोलता न येणाऱ्या पुष्कळ मुलांना सगळं समजत असतं.

टप्पा ६: खोलीत

आत बसायला परवानगी मागा. काही मुलं आई दिसली की तिलाच बिलगतात, तेव्हा थेरपिस्ट थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतील. ते ठीक आहे. पण शेवटची दहा-पंधरा मिनिटं आत असायलाच हवं. पालकांना कधीच आत न घेणाऱ्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुसरी जागा शोधा.

1. *आधी फक्त बघा.* त्यांचे हात मुलाच्या अंगावर कुठे आहेत? खांद्यावर, कमरेवर की गुडघ्याच्या वर? जोर किती आहे? मूल वळतं तेव्हा आधी डोकं वळतं की कंबर? खेळणं कुठल्या बाजूला धरलं आहे?

2. *मग स्वतः करा.* "मॅडम, मी करून दाखवते, माझे हात बरोबर आहेत का बघा." हे वाक्य पाठच करून जा. नुसतं पाहिलेलं घरी पोहोचेपर्यंत निसटतं.

3. *तीन प्रश्न.* हे किती वेळ करायचं? कुठे थांबायचं? चुकत असेल तर मला कसं कळेल?

4. *व्हिडिओ.* परवानगी घेऊन तुमच्याच हातांचा व्हिडिओ काढा, त्यांच्या हातांचा नको. घरी आजोबांना किंवा मावशीला शिकवताना तोच कामी येतो.

रडण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे पालक दोन्ही टोकांना जातात. एक रडणं अनोळखी माणसाचं, कंटाळ्याचं, नको असलेल्या कामाचं. ते खेळण्याने, गाण्याने, थोड्या विश्रांतीने थांबतं. दुसरं दुखण्याचं: एका विशिष्ट हालचालीला अचानक किंचाळणं, चेहरा पांढरा पडणं, ते अंग सोडवून घेणं. हे दिसलं की लगेच "थांबा, दुखतंय" म्हणा. ताण देताना हळूहळू ओढ जाणवावी, दुखू नये. आवळलेला स्नायू झटक्याने ओढला की तो आणखी आवळतो. "रडल्याशिवाय सुधारत नाही" असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

*सावध:* सेशनमध्ये फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

टप्पा ७: निघण्याआधीची पाच मिनिटं

दहा व्यायामांचा कागद घेऊन कोणीही ते रोज करत नाही. म्हणून स्वतःहून सांगा: "या आठवड्यासाठी दोनच द्या, पण आमच्या मागण्याला धरून द्या." मग ते दोन तुमच्या भाषेत वहीत लिहा. "हॅमस्ट्रिंग स्ट्रेच" असं लिहून ठेवलं तर घरात कोणाला कळणार? "पाठीवर झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय सावकाश वर, तीस अंक मोजेपर्यंत धरायचा" असं लिहा.

प्रत्येक व्यायाम रोजच्या एका कामाला बांधा. पाय फाकवण्याचा लंगोट बदलताना. हात उघडण्याचा आंघोळीच्या कोमट पाण्यात. मान उचलण्याचा टीव्हीवर आवडतं गाणं लागल्यावर, छातीखाली उशी देऊन पालथं. वेगळा "व्यायामाचा तास" ठेवलेल्या घरांत तो तास पाहुणे आले की बुडतो. आंघोळ बुडत नाही.

टप्पा ८: घरी, जिथे जास्त चुका होतात

भरवणं. आडवं, मांडीवर मान मागे टाकून भरवण्याची सवय आधी मोडा. पाठीला आधार देऊन बसवा, हनुवटी किंचित खाली हवी, आणि तुम्ही समोर खालच्या पातळीला बसा म्हणजे मूल वर बघणार नाही. खाताना वारंवार ठसका, खाल्ल्यावर घशात घरघर, सारखा न्यूमोनिया ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणं असू शकतात. ती दिसली तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.

मालिश. हलक्या हाताची मालिश सुखाची असते, जरूर करा. पण मालिशवाल्या मावशींना स्पष्ट सांगा: पाय डोक्याला लावायचे नाहीत, सांधे मोडून आवाज काढायचा नाही, उलटं धरायचं नाही. नाकात तेल तर कधीच नाही. ते फुप्फुसात उतरलं तर गंभीर न्यूमोनिया होतो.

पांगुळगाडा. मध्ये बसवून चाकांवर फिरवायचा गोल पांगुळगाडा टाळा. मूल त्यात चवड्यांवर ढकलतं आणि पायांचा ताठरपणा वाढतो. थेरपिस्ट देतात तो वॉकर वेगळा, मुलाच्या मापाचा असतो.

बसणं. दोन्ही पाय मागे दुमडून, ढुंगण मध्ये टेकून मूल सारखं बसत असेल तर दर वेळी ओरडू नका. त्याला तसंच स्थिर वाटत असतं. पाटावर किंवा लहान स्टुलावर, पाय जमिनीला टेकतील असं बसवा.

वही. रोज एक ओळ पुरे: काय केलं, मूल कसं होतं. "केलं नाही" हेही लिहा. थेरपिस्टला खोटं "रोज करतो" सांगितलं तर व्यायाम लागू पडत नाही असा निष्कर्ष निघतो आणि योजना उगाच बदलते.

टप्पा ९: तीन महिन्यांनी आढावा

टप्पा ३ मध्ये लिहिलेलं वाक्य समोर ठेवा, जुना व्हिडिओ आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावून थेरपिस्टबरोबर बघा. रोज पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही, व्हिडिओत दिसतो. काहीच हललं नसेल तर कारण शोधा: मागणं मोठं होतं का, घरी होत नाही का, फिट वाढल्या का, की मुलाचं कुठे दुखतंय?

याच भेटीत विचारायच्या तीन गोष्टी. खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा? न चालणाऱ्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून ठरावीक काळाने बघावं लागतं. एएफओ अजून मापाचा आहे का? वाढत्या वयात तो झपाट्याने लहान पडतो. आणि खुर्ची, उभं राहण्याची चौकट किंवा बोलण्यासाठी चित्रांचा तक्ता यांची वेळ आली आहे का? साधनांसाठी केंद्र सरकारची एडीआयपी योजना आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि शिबिराची तारीख जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात कळते.

जागा बदलायची ठरली तर भांडून किंवा न सांगता जाणं बंद करू नका. जुन्या थेरपिस्टकडून एक पान मागून घ्या: काय केलं, मूल आज कुठे आहे, कशाने दुखतं, कशाने हसतं. नव्या ठिकाणी तेच पान फाईलमध्ये गोषवाऱ्याच्या मागे लावा.